ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांसाठी संध्याकाळी नाटक-चित्रकला सुरू करायचीय, कुठून सुरुवात करू?

पाटोद्याकडचा

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो. बी.ए. झालंय, शेती करतो आणि गावच्या वाचनालयाचं काम बघतो. दिवाळीच्या आगेमागे आमच्या गावातली निम्मी घरं कुलूपबंद होतात. माणसं कोयत्यावर जातात, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. परत येतात ती पाडव्याच्या आसपास. बरीच लेकरं मागं आजी-आजोबांजवळ राहतात. शाळेत हंगामी वसतिगृह चालतं, त्यामुळं जेवणाची सोय होते. पण शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत त्यांना काहीच उद्योग नसतो. ज्याच्याकडं मोबाइल त्याच्या ओट्यावर दहा डोकी, असं रोजचं चित्र.

वाचनालयाच्या वरची खोली रिकामी आहे. गणपती मंडळाचे थोडे पैसे शिल्लक आहेत आणि मंडळाची पोरं ते द्यायला राजी आहेत. माझ्या डोक्यात नाटक किंवा चित्रकला असं काहीतरी आहे. पण मला स्वतःला यातलं काहीच येत नाही, कॉलेजच्या गॅदरिंगला पडदा ओढायचं काम केलंय तेवढंच. सरपंच म्हणतात, साउंड-लाइट लावून गाण्यांवर डान्स बसवा, २६ जानेवारीला जोरदार होईल. शाळेतले एक गुरुजी म्हणतात, आधी धड वाचता येऊ दे, मग नाटकं. दोघांनाही नाही म्हणवत नाही. कुणी असं काम केलं असेल तर सांगा. शिकवायला माणूस कुठून आणायचा, हा तर मोठाच प्रश्न आहे.

---

खडूवाल्या बाई

दादा, मी तुमच्याच जिल्ह्यातली. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर सगळी नोकरी काढली, आता घरी आहे. शिकवायला माणूस बाहेरून आणू नका, एवढं आधी सांगते. सावकाश वाचा, माझं लिहिणं लांबतं.

सरपंचांचा डान्स गोड बोलून टाळा. मी असले पुष्कळ बसवलेले पाहिलेत. पैसा जातो भाड्याच्या चमकीच्या ड्रेसात. पुढं उभ्या राहतात त्याच चार पोरी, ज्यांच्या आया गावात आहेत आणि ज्यांची वेणी-फणी नीट असते. कोयत्यावाल्यांची लेकरं खाली बसून टाळ्या वाजवतात. दुसऱ्या दिवशी ड्रेस परत जातो आणि उरतं काय, तर मोबाइलवरचा व्हिडिओ.

आमच्याकडं नाटक कसं सुरू झालं ते सांगते. मधल्या सुट्टीत पोरं एक खेळ खेळत होती. एक जण दगडावर बसलेला, बाकीचे जोडीजोडीनं समोर येणार. दगडावरचा विचारायचा, "किती पाहिजे?" समोरची जोडी एक आकडा सांगायची. हा मान हलवायचा, कमी आकडा सांगायचा, मग घासाघीस, आणि शेवटी लिंबाची पानं मोजून हातात द्यायचा. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारे आगाऊ पैसे! मुकादम, म्हणजे तोडीला माणसं गोळा करून नेणारा, आणि कोयता असा खेळ चालला होता. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक. मी काही शिकवलं नाही. म्हटलं, हेच शनिवारी सगळ्यांसमोर खेळून दाखवाल का?

त्या वर्गात एक मुलगा होता, वर्षातले निम्मे महिने आईबापाबरोबर उसाच्या फडावर असायचा. जोडाक्षर आलं की अडायचा आणि मागच्या रांगेत बसायचा. तालमीत एकानं सुतळीनं मोळी बांधल्याचं नाटक केलं, तसा हा उठून पुढं आला. "अरे, सुतळी कुठून येणार फडात? पात्यालाच पीळ घालून बांधायची." आणि बांधून दाखवली, गुडघा कसा रोवायचा, हात कसा फिरवायचा, सगळं. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना पाय कसा टाकायचा, रात्री दोनला गाडी आली की आई कशी उठते, वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकून मीठ-मिरची कशी आणतात, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवसापासून तालीम तोच घ्यायला लागला. हुशार म्हणवली जाणारी पोरं त्याला विचारून हालचाल करायची.

आता गुरुजींच्या प्रश्नाचं. खेळ वाढला तसं पोरं संवाद विसरायला लागली, भांडणं झाली, "तू हे म्हणलाच नव्हता." मग लिहून ठेवायची गरज पडली. माझ्या सांगण्यावरून 'माझी आई' या विषयावर चार ओळी न लिहिणारी लेकरं आपापले संवाद वहीत उतरवून घ्यायला लागली, कारण न लिहिलं तर आपला संवाद दुसरा पळवेल ही भीती. मुकादमाचा कागद वाचून दाखवायचा प्रसंग होता. तो कुणी वाचायचा यासाठी चढाओढ लागली आणि चढाओढीपायी वाचणंही सुधारलं. गुरुजींना म्हणावं, नाटकाची वही तुम्हीच तपासा. ते आपोआप तुमच्या बाजूला येतील.

खेळ शाळेच्या ओट्यावर झाला, दिवसाउजेडी. आज्या नातवंडांना न्यायला आलेल्या, त्या थांबल्या. बिऱ्हाड बांधायचा प्रसंग चालू होता. आई झालेली पोरगी बोचक्यात एकेक वस्तू टाकत होती, पिठाचा डबा, गोधडी, कळशी, कंदील. तेवढ्यात खालून एक म्हातारी ओरडली, "अगं तवा! तवा राहिला की, भाकरी कशावर करशील?" सगळे हसले. पोरगी घाबरली नाही. म्हणाली, "तवा तुम्हीच आणून द्या आत्या." आणि म्हातारी खरंच उठली, हवेतला तवा आणून तिच्या हातात दिला आणि तिथंच ओट्यावर बसून राहिली. पुढचा सगळा खेळ तिनं वरूनच पाहिला. नंतर मला म्हणाली, आम्ही जातो तेव्हा लेकरं काय काय बघतात, ध्यानातच येत नाही.

कुणीतरी फोनवर हे सगळं टिपून कारखान्यावर पाठवलं. तिकडं कोप्यांमध्ये, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांत, रात्री कामावरून आल्यावर माणसं बघत बसली. त्या आठवड्यात लेकरांना फोन आले, आणि "जेवला का, शाळेत जातो का" यापलीकडं बोलणं झालं.

मुकादमाचं राहिलं. आमच्या नाटकात मुकादम झाली होती ती खऱ्या मुकादमाचीच मुलगी. तिचा हट्टच होता. बापाची लकब तिनं हुबेहूब उचललेली, कानामागं पेन, बोलताना खिसा चाचपायचा. तो समोर बसून आधी हसला. दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन विचारलं, "बाई, उचलीचे आकडे पोरांना कुणी सांगितले?" कुणी सांगावे लागतात होय? रात्री घरात दुसरं बोलणं काय असतं? शाळा समितीतल्या एकानं मला बाजूला घेऊन "असलं दाखवत जाऊ नका" असं सुनावलंही. मी म्हटलं, पुढच्या वेळी तुम्ही संवाद लिहून द्या, तेही घेऊ. त्यानं दिले नाहीत. पण एक सांभाळा, मुकादमाला राक्षस करू नका. तोही कारखान्याकडून उचलच घेतो, आणि कोयते पैसे घेऊन पळाले की त्याच्याच गळ्याला फास. पोरांना हे बरोबर कळत होतं. त्यांनी त्याला रात्री अंथरुणावर हिशोब करत जागं दाखवलं होतं.

आता कामाचं. वार आणि वेळ ठरवा आणि मोडू नका, एक पोर आलं तरी खोली उघडा. पोरींना अंधार पडायच्या आत घरी पोचवा, नाहीतर पंधरा दिवसांत फक्त पोरं उरतील. एखादी बाई सोबत हवीच. अंगणवाडीच्या मदतनीस असतील, कुणाची चुलती असेल, बघा. गावात दरवर्षी सप्ताह होत असेल. तिथला पखवाज वाजवणारा हुडका. एकनाथांची भारुडं पोरांच्या कानावर असतातच, तीच ऐटीत म्हणू द्या सुरुवातीला. आवाज मोकळा होतो आणि घरच्यांचा विरोधही राहत नाही. देवाचं चाललंय म्हणतात.

---

रोकडा सवाल

बाई, तुमचं वाचून बरं वाटलं, पण मला वेगळं म्हणायचंय. मी कोप्यांमध्येच वाढलोय. आज नोकरीत आहे तो भरतीमुळं. धावायला एक मोकळं माळरान होतं आणि एका सरांनी दिलेली गणिताची पुस्तकं होती. नाटकानं कुणाच्या हातचा कोयता सुटल्याचं मी पाहिलं नाही. मंडळाचे पैसे थोडेच असतील. त्यात लांब उडीचा खड्डा, दोन गोळे आणि भरतीचे प्रश्नसंच घ्या. टाळ्या आम्हीही वाजवल्यात लहानपणी, बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी. पाहुणे फोटो काढून गेले.

---

रंगपेटी

माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो, सोलापूर जिल्हा.

वरच्या दादांचं दुखणं खरं आहे. म्हणून आधी रोकडंच सांगतो. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा असतात, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणं दहावीला वाढीव गुण मिळतात. शहरातली मुलं त्यासाठी शिकवण्या लावतात. हंगामी वसतिगृहातल्या मुलाला अशी परीक्षा असते हेसुद्धा कुणी सांगत नाही. जवळच्या हायस्कुलात चौकशी करा, फॉर्म शाळेमार्फतच भरतात.

पण वर्ग परीक्षेसाठी सुरू करू नका. एलिमेंटरीत स्मरणचित्र नावाचा भाग असतो. मुलं ठरावीक बाजार, ठरावीक जत्रा, फुगेवाला आणि झाडाखाली म्हातारा काढून येतात, आम्हीच तसं घोटून घेतो. तुम्ही त्यांना म्हणा, "रात्री फडात गाडी भरतात ते काढ." ट्रॅक्टरच्या उजेडाचा पट्टा, बाकी सगळं काळं. मी एका मुलाकडून असं चित्र पाहिलंय. आख्खा कागद कोळशानं भरलेला, मधे पिवळ्या खडूची एक तिरकी फाक आणि त्यात फक्त पाय. मी तरी त्याला शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सामान स्वस्तातलं घ्या. गेरू, चुना, चुलीतला कोळसा, पाठकोरे कागद, नदीची माती. आणि एक विनंती, भिंतीवर वारली काढून घेऊ नका! जिल्हा परिषदेच्या निम्म्या शाळांवर आज तीच काठ्यांची माणसं तारपा या वाद्याभोवती नाचतायत. वारली चित्रं ही डहाणूकडच्या बायकांनी लग्नाचा चौक म्हणून तांदळाच्या पिठानं लिहिलेली. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणली, स्वतःचं रान, मासेमारीचं जाळं, मुंग्यांची वारुळं चितारली, आणि २०११ साली पद्मश्रीपर्यंत पोचले. त्यांच्याकडून घ्यायचं तर एवढंच की आपल्या आसपासचं काढावं. बीडच्या पोरानं तारपा कशाला काढायचा? त्यानं कोपी काढावी.

तुमच्या शाळेत कलेचा शिक्षक का नाही, हेही सांगून टाकतो, म्हणजे गुरुजींना दोष जाणार नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला पट शंभरावर असेल तरच कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांना अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे, धरलेत. लहान गावाचा पट तिथवर कुठं जातो? म्हणजे जिथं गरज जास्त तिथं माणूस नाही. तुमची वरची खोली ही उणीव भरून काढणार आहे.

---

विंगेतला

पुण्यात हौशी रंगभूमीवर काम करतो. तुम्ही एकदा ठाण्याची वाट धरा असं सुचवेन. रत्नाकर मतकरींनी १९६२ पासून बालनाट्यं केली, आणि उतारवयात ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांबरोबर 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला, समता विचार प्रसारक संस्थेबरोबर. त्यात नाटिका मुलांच्याच असतात, विषय त्यांचे, बोली त्यांची. मोठ्यांनी लिहून दिलेलं पाठ करायचं नाही. बाईंनी शाळेच्या ओट्यावर केलं ते याच जातीचं काम आहे.

दुसरं, नाटक मधेच थांबवायची एक रीत आहे. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी ती रुजवली. अन्यायाचा प्रसंग करायचा, अडला तिथं थांबायचं, आणि प्रेक्षकाला म्हणायचं, तुम्ही या, हिच्या जागी उभे राहा आणि तुम्ही काय कराल ते करून दाखवा. त्या आजीनं हवेतला तवा आणून दिला ना, तिला कुणी बोआल सांगितला नव्हता! तुम्ही ते ठरवून करा. उचलीच्या घासाघिशीत थांबा आणि समोरच्या बायकांना बोलवा.

आणि 'रोकडा सवाल' यांना. निळू फुले पुण्यात माळीकाम करत होते आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वगनाट्यं करत होते. सगळे निळूभाऊ होणार नाहीत, मान्य. पण तुम्ही म्हणता ते पाहुणे आणि त्या टाळ्या मलाही नकोत. म्हणूनच पहिला खेळ गावातल्या गावात, स्टेजशिवाय, हारतुऱ्यांशिवाय करा. राज्य बालनाट्य स्पर्धेचं वगैरे नंतर बघू. स्पर्धा लागली की दिग्दर्शकाच्या अंगात येतं आणि पोरं प्यादी होतात.

---

पाटोद्याकडचा

सगळ्यांचे आभार. मंगळवार-शुक्रवार ठरवलाय, साडेचार ते सहा. सरपंचांना सांगितलं की २६ जानेवारीला पोरं भारूड म्हणतील. ते खूश झाले. 'रोकडा सवाल' दादा, उडीचा खड्डा मंडळाच्या पोरांनी स्वतः खणायला घेतलाय, त्याला पैसेच लागले नाहीत. प्रश्नसंच वाचनालयाच्या खरेदीत बसवतो.

पहिल्याच शुक्रवारी एक अडचण आली, म्हणून परत लिहितोय. बाईंच्या सांगण्यासारखं पोरांना म्हटलं, तुमच्या घरातलं काहीतरी करून दाखवा. सहावीतल्या एका मुलीनं लग्न जमवायचा प्रसंग केला. पाहुणे आले, चहा झाला, मुलीला नाव विचारलं. बाकीची पोरं हसत होती, ती हसत नव्हती. नंतर जिन्यात मला म्हणाली, हे बहिणीचं आहे, नववीत आहे, आईबाप फडावरून आले की उरकणार आहेत. हे नाटकात घ्या म्हणजे गावाला कळेल, असं तिचं म्हणणं. काय करू? नाटकात घेऊ का?

---

खडूवाल्या बाई

नाही, दादा. हे नाटकात घ्यायचं नाही. निदान आत्ता नाही, आणि त्या मुलीला तर त्या प्रसंगात उभं करायचंच नाही. गावाला घर लगेच ओळखू येईल. रात्री मार तिला बसेल आणि लग्न उलट लवकर उरकतील.

आधी हे करा. १०९८ ला फोन लावा. लेकरांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत आणि फोन कुणी केला ते बाहेर सांगत नाहीत. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे आपला ग्रामसेवकच, हे बऱ्याच ग्रामसेवकांना स्वतःलाही आठवत नाही. त्यांना आठवण करून द्या, शक्यतो एकटं गाठून. मुलीला अठरा पुरी हवीत, आणि लग्न लावणारे, जमवणारे, जेवायला बसणारे सगळेच २००६च्या कायद्यात सापडतात, हे घरच्यांना सांगणारं माणूस तुम्ही नका होऊ, ते अधिकाऱ्यालाच सांगू द्या. तुम्हाला त्या खोलीत उद्याही बसायचंय. आजीशी बोलायचं असेल तर माझ्यासारखी म्हातारी बाई पाठवा, तुम्ही जाऊ नका.

त्यामागचं कारणही समजून घ्या, म्हणजे आईबापांवर चिडणार नाही. वयात आलेली पोर मागं म्हातारीजवळ ठेवायची तर जीव टांगणीला, बरोबर न्यायची तर कोपीला दार नसतं. शिवाय लग्न झालं की एक कोयता तयार होतो. म्हणून घाई. बहिणीची मुक्कामाची सोय लागली, कस्तुरबा गांधी विद्यालय किंवा मुलींचं वसतिगृह मिळालं, तर पुष्कळदा घरचे मागं सरतात. तालुक्याला गटशिक्षण अधिकाऱ्यांकडं आजच चौकशी करा, पाडव्याची वाट बघू नका.

धाकटीला मात्र शुक्रवारी येऊ द्या. काहीच झालं नाही असं दाखवू नका. ती जिन्यात बोलली ते तुम्ही ऐकलंय आणि त्याचं काम चालू आहे, एवढं तिला एकटीला सांगा. तिला दुसरं पात्र द्या, जोरकस, आरडाओरडा करायला मिळेल असं. आमच्याकडं अशीच एक होती, तिला मी ट्रकचा ड्रायव्हर केलं होतं.

आणि यापुढं "घरातलं करून दाखवा" असं न म्हणता "फडावरचं", "बाजारातलं", "एस.टी.तलं" असं म्हणा. घरातलं यायचं ते येतंच, पण मग ते सांगायचं की नाही हे लेकराच्या हातात राहतं.

भारुडाला पखवाज मिळाला का? नसेल तर हलगीवाल्याला विचारा, फक्त बिदागी आधी ठरवा आणि पैसे त्याच दिवशी द्या. लेकरांचं आहे म्हणून फुकट वाजव, असं त्यालाच नेहमी म्हणतात.